कॉपी अर्ध्यावर आली की हार्ड डिस्क गायब? केबलपासून ड्रायव्हरपर्यंतची तपासणी

एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, टुंग आवाज आला, डिस्क दिसली, दोनशे जीबीची कॉपी सुरू झाली आणि चाळीस टक्क्यांवर खिडकीच बंद. केबल काढून परत लावली की डिस्क पुन्हा हजर. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ असोत, टॉवेल-चादरीच्या कारखान्यातलं डिझाइनचं कॉम्प्युटर असो की मार्चअखेरीस टॅलीचा बॅकअप काढणारं ऑफिस, सोलापुरात ही तक्रार एकाच वाक्यात येते: "काढून घातलं की चालतंय बघा."

दुखणं लांबतं ते याच वाक्यामुळे. केबल काढून घातली की डिस्कला पहिल्यापासून वीज मिळते, कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं सर्किट) नव्याने सुरू होतो आणि ड्रायव्हरही (डिस्कशी बोलणारा विंडोजचा प्रोग्राम) नव्याने चढतो. निरनिराळ्या बिघाडांवर एकच तात्पुरता उपाय लागू पडतो आणि खरा बिघाड कोणता ते झाकलेलंच राहतं. मग कुणीतरी ड्रायव्हर बदलायला सांगतं. ड्रायव्हरचा दोष असतोही, पण त्याची पाळी शेवटी येते. आधी वीज, मग केबल, मग डिस्कची तब्येत, मग विंडोजची वीजबचत आणि त्यानंतर ड्रायव्हर, या क्रमाने चला. सुरुवात ड्रायव्हरपासून केली तर संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर रिस्टार्ट करण्यातच दिवस जातो.

हात लावण्याआधी

"डिस्क फॉरमॅट करा" किंवा "डिस्क इनिशियलाइज करा" अशी खिडकी आली तर दोन्ही वेळा कॅन्सल. इनिशियलाइज केल्याने फायली लगेच पुसल्या जात नाहीत, पण डिस्कवर पार्टिशनचा जो नकाशा असतो तो नव्याने लिहिला जातो आणि पुढचं काम अवघड होतं. "स्कॅन अँड फिक्स" लाही आत्ता हो म्हणू नका. त्यामागे चालणारं चेकडिस्क फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे फायलींच्या नोंदवहीत, बदल करतं. डिस्कवर खराब सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) असतील किंवा वीजच अपुरी असेल, तर दुरुस्तीच्या नावाखाली धड असलेल्या नोंदीही जाऊ शकतात. त्याची वेळ डिस्कची तब्येत बघितल्यानंतर.

डिस्कमधून टिक-टिक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर एकदा चांगली केबल आणि मागचा पोर्ट वापरून बघा. तरीही आवाज राहिला तर बंद करा, डेटा वाचणारं आतलं हेड गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. त्याने आत दव धरतं, बाकी काही होत नाही.

वीज: बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात

अडीच इंची पोर्टेबल डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो, ती यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. बऱ्याच डिस्कच्या पाठीवर "५ व्होल्ट, १ अँपिअर" असं छापलेलं असतं. मानकाप्रमाणे यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० चा ९००. म्हणजे गणित आधीच काठावरचं आहे. बरेच मदरबोर्ड याहून थोडं जास्त देतात, म्हणून तीच डिस्क एका कॉम्प्युटरवर बिनबोभाट चालते आणि दुसऱ्यावर धाप टाकते. सगळ्यात जास्त करंट लागतो तो तबकडी पहिल्यांदा फिरायला लागते तेव्हा. दिवा लागतो, तबकडी फिरल्याचा आवाज येतो, तो थांबतो, पुन्हा येतो: हे लक्षण अपुऱ्या विजेचं.

डेस्कटॉपवर पुढचा पोर्ट सोडा आणि डिस्क मागे लावा. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका लांब वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. त्या वायरीत आणि ढिल्या पिनांमध्ये व्होल्टेज पडतं. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. अ‍ॅडॉप्टर नसलेला हब वापरत असाल तर तोही काढा. एका पोर्टची वीज चार ठिकाणी वाटणारा हब माउस-कीबोर्डला ठीक, हार्ड डिस्कला नाही. हब लागणारच असेल तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला घ्या.

दुकानात यूएसबीचा छोटा व्होल्ट-अँपिअर मीटर मिळतो, तो पोर्ट आणि केबलच्या मध्ये बसतो. कॉपी चालू असताना आकडा ४.७५ व्होल्टच्या खाली जात असेल तर पोर्ट किंवा वायर बदला. स्वस्तातले मीटर यूएसबी २.० चे असतात, त्यामुळे मीटर लावल्यावर वेग पडला तर घाबरू नका. मीटर काढला की वेग परत येतो.

साडेतीन इंची मोठी डिस्क १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालते. अ‍ॅडॉप्टर साधारण १.५ किंवा २ अँपिअरचा असतो. इथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली, अ‍ॅडॉप्टरची अदलाबदल. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पिनेला चपखल बसतो, पण बऱ्याचदा तो अर्धा किंवा एक अँपिअरचाच असतो. डिस्कचा दिवा लागतो, तबकडी मात्र पूर्ण वेग घेत नाही. उलट जास्त व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागला तर डिस्कच्या बोर्डवरचा संरक्षक डायोड जळतो. डायोडने जीव दिल्यामुळे पुढचं काही वाचलं तर नशीब. म्हणून डिस्कच्या अ‍ॅडॉप्टरवर आजच मार्करने खूण करून ठेवा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो आणि डिस्कचा अ‍ॅडॉप्टर जवळच्या साध्या बोर्डात. लाइट डोळा मिचकावल्यासारखी गेली-आली तर यूपीएसमुळे कॉम्प्युटरला काही कळत नाही, पण डिस्क बंद पडून परत चालू होते. विंडोजला दिसतं ते इतकंच की डिस्क अचानक निघून गेली. अक्कलकोट रोडसारख्या कारखान्यांच्या भागात, जिथे एकाच लाइनवर यंत्रमागांच्या मोटारी सुरू-बंद होतात, तिथे हे आधी तपासा. डिस्क यूपीएसवर घेतली आणि तक्रार थांबली, तर पुढचं वाचायची गरज नाही.

केबल

पोर्टेबल डिस्कच्या बाजूचा रुंद, मध्ये खाच असलेला सॉकेट म्हणजे यूएसबी ३.० चा मायक्रो-बी. त्याचे दोन भाग असतात. मोठ्या भागात जुन्या यूएसबीच्या पिना आणि लहान भागात जास्त वेगाच्या. लहान भाग नीट टेकला नाही तर डिस्क बंद पडत नाही, गुपचूप यूएसबी २.० वर उतरते. ओळखायचं कसं? कॉपीचा वेग सेकंदाला ३५ ते ४० एमबीवर अडकून बसतो. यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात हातात एवढंच पडतं. धड केबल आणि धड पोर्टवर साधी अडीच इंची डिस्क मोठ्या फाइलला शंभराच्या आसपास सहज जाते. तीच मोठी फाइल, पण केबल परत लावली की वेग कधी शंभर, कधी चाळीस असा बदलत असेल तर केबल किंवा सॉकेट ढिला असण्याची शक्यता मोठी.

डिस्क टेबलावर सपाट ठेवा, कॉपी चालू करा आणि केबलचं टोक डिस्कजवळ हलकेच वर-खाली हलवा. या चाचणीसाठी बिनमहत्त्वाची फाइल घ्या. डिस्क सुटली तर दुसऱ्या केबलने तेच करून बघा. दुसऱ्या केबलनेही सुटली तर दोष डिस्कच्या सॉकेटमध्ये आहे. सॉकेटचा टाका उखडलेला असेल तर मोबाइल दुरुस्तीवाला तो नीट बसवून देऊ शकतो. नवी केबल अर्धा मीटरच्या आतली घ्या, लांबी वाढली की व्होल्टेज पडतं.

टाइप-सीमध्ये घोळ वेगळा आहे. पिनेचा आकार बघून वेग कळत नाही. मोबाइलच्या चार्जिंगसोबत येणाऱ्या सी-टू-सी केबल बहुतेक यूएसबी २.० च्याच असतात आणि काहींत डेटाच्या तारा नसतातच. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घेतली आणि वेग पेनड्राइव्हसारखा मिळतोय, असं असेल तर आधी खोक्यातली मूळ केबल शोधा.

मागाजवळ कॉम्प्युटर असेल तर पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. सुताची तूस आत दाबून बसते आणि पिन वरवर टेकते. कॉम्प्युटर बंद करून लाकडी टूथपिकने काढा, सुई घालू नका. फिरत्या तबकडीची डिस्क मागाच्या धक्क्याने हलणाऱ्या टेबलावरही ठेवू नये. हेड आणि तबकडीतलं अंतर मोजायला नॅनोमीटर लागतात, रोजचा कंप तिला मानवत नाही. तिथे एसएसडीच बरी.

दुसरं कॉम्प्युटर, आणि डिस्कची तब्येत

आता तीच डिस्क तीच केबल घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टवर लावा. तिथेही सुटत असेल तर दोष बहुधा डिस्कचा, केबलचा किंवा डब्याचा (डिस्कभोवतीचं कवच, एन्क्लोजर) आहे, एकट्या तुमच्या विंडोजचा नाही. तिथे चालली तर डिस्क सोडा आणि पहिल्या कॉम्प्युटरकडे बघा. दुसरं कॉम्प्युटर नसेल तर उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेनड्राइव्हवरून तेच कॉम्प्युटर सुरू करून कॉपी करून बघता येतं.

तब्येतीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात कच्चे आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या. चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ शून्य नसेल आणि दिवसागणिक वाढत असेल तर दुरुस्तीचा विषय संपला, आधी डेटा दुसरीकडे हलवा. त्यातही आधी जे कुठेच नाही ते, म्हणजे मूळ फुटेज आणि हिशेब. सिनेमे नंतर. सी७ वेगळी गोष्ट सांगतो: डेटा वाटेत बिघडला आणि पुन्हा मागावा लागला. एक्स्टर्नल डिस्कमध्ये ही वाट म्हणजे डिस्क आणि तिच्या डब्यातलं सर्किट यांच्यातला जोड. ०५, सी५, सी६ शून्य आणि फक्त सी७ वाढतोय, तर डिस्क धडधाकट आहे, डबा बदला. सी७ चा जुना आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो वाढतोय का एवढंच बघायचं.

उष्णतेचं थोडक्यात. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली त्याच्या बरीच वर जाते. दुपारी सुटणारी आणि सकाळी चालणारी डिस्क असेल तर कव्हरातून बाहेर काढा, पंख्याच्या वाऱ्यात उभी ठेवा आणि मोठी कॉपी रात्री लावा.

विंडोजची वीजबचत

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि डिस्क विशेषतः थोडा वेळ नुसती बसल्यावर सुटत असेल, तर संशय वीजबचतीवर. तीन ठिकाणं आहेत.

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. यूएसबी सेटिंग्जमध्ये "सिलेक्टिव्ह सस्पेंड" डिसेबल करा. लॅपटॉपवर बॅटरी आणि चार्जिंग अशा दोन्ही ओळी बदला.

त्याच यादीत वर "टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर" असतं. बहुधा २० मिनिटं असतात. मोठ्या बॅकअपच्या दिवशी ० करा, म्हणजे कधीच नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कंट्रोलर्सखाली जेवढे "यूएसबी रूट हब" आहेत त्या प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं अशी टिक असते. ती काढा. विंडोजचा मोठा अपडेट आला की ही टिक कधी कधी परत येते, म्हणून दिवाळीत बरी झालेली डिस्क संक्रांतीला पुन्हा सुटू शकते.

नोंद वाचा, मग ड्रायव्हरला हात लावा

विंडोज प्रत्येक वेळी काय झालं ते लिहून ठेवतं, आपण वाचत नाही. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. डिस्क सुटली ती वेळ शोधा आणि आयडी बघा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, डिस्कचाच दोष, वरच्या सी५ शी जुळवून बघा. ११ म्हणजे कंट्रोलरला चूक मिळाली, बहुधा केबल किंवा डबा. १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेली, तुम्ही काढली नसेल तर वीज किंवा जोड. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. आणि १२९ म्हणजे उत्तर येईना म्हणून विंडोजने उपकरण रीसेट केलं. या १२९ समोर सोर्स म्हणून "यूएएसपीस्टोर" दिसलं तर आता खरंच ड्रायव्हरची पाळी आली.

यूएसबी डिस्कशी बोलायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत एका वेळी एकच आज्ञा पाठवते, उत्तर आल्याशिवाय दुसरी नाही. नवी, यूएएसपी, एकदम अनेक आज्ञा रांगेत लावते. विंडोज ८ पासून तिचा ड्रायव्हर आतच आहे. एसएसडीला तिचा चांगला फायदा होतो. पण काही स्वस्त डब्यांतलं सर्किट आपण यूएएसपी जाणतो असं सांगतं आणि रांग लांबली की गप्प बसतं. थोड्या फायली व्यवस्थित जातात, पन्नास जीबी लावलं की गळतं, हे त्याचंच चिन्ह. अशा वेळी जुनी रीत लावून द्या:

१. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "स्टोरेज कंट्रोलर्स" उघडा. तिथे "यूएसबी अटॅच्ड एससीएसआय (यूएएस) मास स्टोरेज डिव्हाइस" दिसलं पाहिजे. ते नसेल तर डिस्क आधीच जुन्या रीतीने चालली आहे आणि हा उपाय तुमच्यासाठी नाही.
२. राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, "ब्राउझ माय कॉम्प्युटर", त्याखाली उपलब्ध यादीतून निवडण्याचा पर्याय.
३. यादीतून "यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस" निवडा, नेक्स्ट, आणि रिस्टार्ट.

फिरत्या तबकडीच्या डिस्कवर वेगातला फरक फारसा जाणवत नाही, एसएसडीवर जाणवतो. ती असेल तर पुढे-मागे डबाच बदला.

रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच. विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" चालू असतं आणि शटडाउन करून पुन्हा चालू केलं तरी ड्रायव्हर पूर्णपणे नव्याने चढत नाहीत.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असेल तर प्रॉपर्टीजमधला कोड वाचा. ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला, इथे ड्रायव्हर बदलण्याआधी परत केबल आणि पोर्ट. १० म्हणजे सुरू होऊ शकलं नाही. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. ४७ दिसला तर काही बिघडलेलं नाही, तुम्ही सेफली रिमूव्ह केलंय, एकदा काढून लावा. जुन्या नोंदींची गर्दी असेल तर व्ह्यू मेनूतून "शो हिडन डिव्हायसेस" करून डिस्क ड्राइव्ह्जखालच्या फिकट दिसणाऱ्या, तुमच्या ओळखीच्या जुन्या डिस्क अनइन्स्टॉल करा आणि रिस्टार्ट करा.

चिपसेटचा ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणारी सॉफ्टवेअर टाळा, जवळपासच्या नावाचा ड्रायव्हर चढवून ती नवीन दुखणं लावतात. अजून विंडोज ७ चालवणाऱ्यांसाठी: त्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळातच नाही. तो घातला नाही तर निळ्या पोर्टमध्ये लावलेली डिस्क दिसणारच नाही.

जोडलेली आहे, पण "धिस पीसी"त नाही

डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क तिथे असेल आणि नुसतं अक्षर नसेल तर "चेंज ड्राइव्ह लेटर" मधून अक्षर द्या. ऑफिसात सर्व्हरचा फोल्डर ई किंवा एफ अक्षरावर जोडलेला असतो आणि डिस्कलाही तेच अक्षर मिळतं, मग ती झाकली जाते. डिस्कला एक्ससारखं लांबचं अक्षर देऊन टाकलं की हा त्रास कायमचा जातो. "ऑफलाइन" लिहिलं असेल आणि ती दुसऱ्या डिस्कची हुबेहूब क्लोन असेल, तर दोन्हींची ओळख एकच असल्याने विंडोजने एक बाजूला ठेवली आहे. एका वेळी एकच लावा. "रॉ" दिसलं, म्हणजे विंडोजला फाइल सिस्टीम ओळखता आली नाही, तर लिहिणं पूर्ण थांबवा, आधी प्रत काढा, मग दुरुस्ती.

डबा फोडून आतली डिस्क थेट साटा केबलने (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कची केबल) लावली आणि ती रिकामी दिसली, तर डेटा गेला असं लगेच समजू नका. काही डब्यांचं सर्किट सेक्टरचा आकार बदलून दाखवतं, काही स्वतःच एन्क्रिप्शन करतं. परत त्याच डब्यात घातली की डेटा दिसतो. काही अडीच इंची डिस्कवर तर यूएसबीचा सॉकेट थेट बोर्डवर असतो, साटाची पिनच नसते.

आतली डिस्क आणि स्टोरेज कंट्रोलर

एक्स्टर्नलवर बॅकअप घेऊन नवं विंडोज टाकायला बसलात आणि इन्स्टॉलरला लॅपटॉपची आतली डिस्कच दिसेना, असं इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर होतं. कारण व्हीएमडी नावाचा कंट्रोलर मध्ये असतो आणि काही विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सुटा करून ठेवा आणि "लोड ड्रायव्हर" मधून द्या. या घाईत एक्स्टर्नल डिस्क लावलेली ठेवू नका. यादीत ती एकटीच दिसते आणि लोक तिच्यावरच विंडोज टाकतात.

चालू विंडोजवर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे कंट्रोलर चालायच्या एका पद्धतीवरून दुसरीवर, उडी मारली तर निळा पडदा येतो, कारण त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सुरुवातीला चढत नाही. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मग सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूट टिक करा, रिस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा येऊ द्या आणि टिक काढून पुन्हा रिस्टार्ट करा.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचं

पाच मिनिटं चालली म्हणजे झाली असं नाही. पन्नास जीबीच्या मोठ्या फायली डिस्कवर टाका, मग त्याच परत कॉम्प्युटरवर घ्या. अर्धा तास डिस्क नुसती बसू द्या आणि पुन्हा एक फोल्डर उघडा. कॉपीचा वेग मध्येच वीस-तीसवर आला आणि डिस्क सुटली नाही, तर तो दोष नसतो. मोठ्या क्षमतेच्या अनेक पोर्टेबल डिस्क पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, लांब कॉपीत त्या दमतात आणि थोड्या विश्रांतीनंतर परत वेग घेतात. सगळं झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तेवढ्या वेळात नवा १२९, १५३ किंवा १५७ आलेला नसावा. आला असेल तर त्याच्यासमोरची वेळ लिहून घ्या आणि त्या मिनिटाला लाइट गेली होती का, कुणी टेबल हलवलं का, हे विचारा.